कशानंतर काय पाहावं?



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, ते सर मला आठवीत गणित शिकवायला होते. पण मला त्यांचा गणिताचा तास आठवतो त्याहून जास्त त्यांची शनिवारची रात्र आठवते. शाळेच्या हॉलमध्ये भिंतीवर ताणून बांधलेली पांढरी चादर, दोन बाकं एकावर एक चढवून त्यावर ठेवलेला १६ मिलिमीटरचा प्रोजेक्टर आणि त्याच्याशेजारी उभे असलेले सर. प्रोजेक्टर एकच होता, त्यामुळे रीळ संपलं की दिवे लागायचे. सर रीळ बदलायचे आणि तेवढा वेळ आम्ही गप्प बसायचो. सरांचा नियमच होता तसा. सिनेमा चालू असताना बोलायचं नाही हे तर झालंच, पण तो संपल्यावरही त्याच्यावर लगेच चर्चा नाही. पुढच्या शनिवारी दुसरा सिनेमा पाहायचा आणि मग दोन्हींबद्दल एकदमच बोलायचं.

त्या वयात हा नियम फार जाचक वाटायचा. पोटात इतकं काही साठलेलं असायचं आणि ते आठवडाभर तसंच ठेवायचं! त्यामागे काय होतं ते मला गेल्या वर्षी कळलं, सरांच्या मुलीनं त्यांची एक वही माझ्या हाती दिली तेव्हा. साधी दोनशे पानी वही आहे. प्रत्येक पानावर एका सिनेमाचं नाव, त्याखाली एक बाण आणि बाणाखाली पुढच्या सिनेमाचं नाव. कुठे तारे नाहीत, गुण नाहीत, पहिला-दुसरा क्रमांक नाही. उभा जन्म उत्तरपत्रिका तपासण्यात गेलेल्या माणसानं एकाही सिनेमाला गुण दिलेले नाहीत.

आजचा माझा विषय आहे, सिनेरसिकांसाठी अभिजात चित्रपटांचं मार्गदर्शक पुस्तक कसं असावं? असं पुस्तक मराठीत नव्यानं यायला हवं, असं मला मनापासून वाटतं. आणि ते सरांच्या वहीसारखं असावं, हेच सांगायला मी इथे उभा आहे. कोणता सिनेमा पाहावा हे सांगणारे पुष्कळ आहेत. कशानंतर कोणता पाहावा हे सांगणारं कुणीतरी हवं आहे.

आधी याद्यांबद्दल बोलतो. ‘साइट अँड साउंड’ नावाचं एक ब्रिटिश मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी जगभरच्या समीक्षकांना विचारतं, आजवरचे सर्वांत श्रेष्ठ चित्रपट कोणते? पहिल्या वेळी पहिला आला डी सिकांचा ‘बायसिकल थीव्ह्ज’. तेव्हा तो जेमतेम चार वर्षांचा होता. पुढच्या खेपेला त्याची जागा ऑर्सन वेल्सच्या ‘सिटिझन केन’नं घेतली आणि पन्नास वर्षं सोडली नाही. २०१२ मध्ये हिचकॉकचा ‘व्हर्टिगो’ वर गेला आणि २०२२ मध्ये बेल्जियमच्या शांताल अकरमन यांचा ‘जान दीलमान’. स्त्रीनं दिग्दर्शित केलेला चित्रपट त्या यादीत पहिला येण्याची ही पहिलीच वेळ. हे सगळं वाचायला मला आवडतं. पिढी बदलली की नजर कशी बदलते, ते त्यातून दिसतं.

पण आता आपल्या गावातल्या एका विशीतल्या मुलीची कल्पना करा. तिला सिनेमाची ओढ आहे. ती यादी उघडते, पहिलं नाव वाचते आणि ‘जान दीलमान’ लावते. चित्रपट २०१ मिनिटांचा आहे. ब्रुसेल्समधली एक विधवा बाई तीन दिवस घरकाम करते. बटाटे सोलते, भांडी घासते, अंथरूण आवरते आणि कॅमेरा एका जागी ठेवून आपल्याला ते सगळं सबंध दाखवलं जातं. ती मुलगी अर्ध्या तासात उठणार की नाही? उठणारच. शिवाय स्वतःला दोष देऊन उठणार. ‘मला काही कळत नाही, हे आपल्यासारख्यांचं काम नव्हे,’ असं म्हणणार. चूक तिची आहे का? तिला कुणी वाट दाखवली नाही, थेट शिखरावर नेऊन सोडलं.

सर काय करायचे? सरांच्या वहीत ‘जान दीलमान’चं नाव आहे. पण त्याच्या आधी एक नाव आहे आणि त्याच्याही आधी आणखी एक आहे.

सगळ्यांत वर आहे ‘संत तुकाराम’. प्रभातचा, १९३६ चा, दामले-फत्तेलालांचा. इथल्या बहुतेकांनी तो पाहिला असेल, निदान लहानपणी दूरदर्शनवर तरी. आपण विष्णुपंत पागनिसांचे तुकाराम आठवतो. सर आम्हाला सांगायचे, यावेळी तुकारामांकडे पाहू नका, जिजाईकडे पाहा. गौरी या अभिनेत्रीनं ती जिजाई उभी केली आहे. तिचं घर पाहा, तिची म्हैस पाहा. पोर आजारी पडल्यावर त्याला ओढत देवळात नेऊन, हातात वहाण घेऊन विठोबाला जाब विचारणारी ती बाई पाहा. नवरा देवाचा झाला, पण चूल कुणाची? त्या चित्रपटात चमत्कार आहेत, वैकुंठाचं विमान आहे. तरीही तो आज जिवंत वाटतो तो जिजाईच्या रोजच्या कामामुळे.

त्याखाली बाण आणि मग डी सिकांचाच ‘उंबेर्तो डी.’, १९५२ चा. गोष्ट रोमच्या एका निवृत्त सरकारी नोकराची आणि त्याच्या कुत्र्याची. पण त्याच्या बिऱ्हाडात मारिया नावाची एक पोरगी मोलकरीण आहे. ती एका सकाळी उठते. भिंतीवर काडी ओढून शेगडी पेटवते. भिंतीवरच्या मुंग्यांवर पाणी मारते. ती गरोदर आहे. स्वतःच्या पोटाकडे एकदा पाहते, मग कॉफी दळायला बसते आणि बसल्याबसल्या पाय लांब करून अंगठ्यानं दार लोटते. कथेच्या हिशेबानं यात काहीच घडत नाही. सरांच्या त्या चादरीवर हा प्रसंग मी पाहिला तेव्हा मागच्या रांगेत कुणीतरी हुंदका दिल्याचं मला आठवतंय. काय घडलं होतं? एका मुलीनं सकाळची कामं केली होती. कुणीतरी ती शेवटपर्यंत पाहिली होती, बस्स.

आणि त्यानंतर, बाणाखाली, ‘जान दीलमान’. आता पाहा काय होतं. जिजाईची चूल पाहून झालेली आहे, मारियाचा पाय दाराला लागलेला आहे. आता ब्रुसेल्सची ती बाई बटाटे उकडत ठेवते तेव्हा तुम्ही घड्याळाकडे पाहत नाही. दुसऱ्या दिवशी तिचे बटाटे जास्त शिजतात. हातात पातेलं घेऊन ती घरभर फिरते, ते कुठे ठेवावं हेच तिला सुचत नाही. वर्षानुवर्षं घड्याळाच्या काट्यावर चाललेल्या घरात एक पातेलं जागेवर पडत नाही आणि आपल्या छातीत धस्स होतं. ज्यांना वाट ठाऊक नाही त्यांच्यासाठी ते निव्वळ पातेलं आहे.

मित्रहो, मार्गदर्शक पुस्तक म्हणतात ते हे. तिन्ही चित्रपट होते तिथेच होते, सरांनी फक्त क्रम लावला.

दुसरी वाट सांगतो, ती मला अधिक जवळची आहे. आपल्याकडे १९५४ साली राजा परांजपे यांचा ‘ऊन पाऊस’ आला. पटकथा-संवाद गदिमांचे. निवृत्त शाळामास्तर, त्यांची बायको आणि म्हातारपणी आईबापांची मुलांमध्ये झालेली वाटणी. हा विषय पुढे कानडीत गेला, हिंदीत तर किती वेळा आला! इथे बसलेल्या ज्येष्ठांना हा सिनेमा माझ्याकडून ऐकायची गरज नाही. आपण रडलो त्याला पाहून. रडण्यात काहीही कमीपणा नाही, हे मी मुद्दाम सांगतो. रडवणारा सिनेमा हलका, अशी एक समजूत रसिकांमध्ये पसरलेली आहे. ती आपण सोडून द्यावी.

त्याच्या एकच वर्ष आधी, १९५३ मध्ये, जपानमध्ये यासुजिरो ओझूंनी ‘टोकियो स्टोरी’ केला. आपल्या मंडळींनी तो पाहिला असणं अशक्य होतं. जपानबाहेर तो नीट पोचायलाच बरीच वर्षं गेली, न्यूयॉर्कच्या प्रेक्षकांना तो १९७२ मध्ये दिसला. म्हणजे दोन समुद्रांच्या दोन टोकांना दोन माणसं एकमेकांची गंधवार्ता नसताना एकच दुःख मांडत होती.

गोष्ट अगदी साधी आहे. समुद्रकाठच्या ओनोमिची गावातलं म्हातारं जोडपं टोकियोला मुलांकडे जातं. थोरला डॉक्टर आहे, मुलीचं केशभूषेचं दुकान आहे. कुणी वाईट वागत नाही. फक्त कुणाला वेळ नाही. युद्धात गेलेल्या मुलाची बायको, नोरिको, तेवढी सुट्टी काढून त्यांना शहर दाखवते. मुलं आईबापांना आतामीच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर पाठवतात, तिथे रात्रभर गोंगाट असतो, झोप लागत नाही. ती दोघं परत फिरतात. परतीच्या प्रवासात आईची तब्येत बिघडते आणि गावी पोचल्यावर ती जाते.

आता मी तुम्हाला एकच गोष्ट जवळून दाखवतो. चित्रपट सुरू होतो तेव्हा दोघं प्रवासाची बांधाबांध करत आहेत. हवा भरायची उशी सापडत नाही. तो म्हणतो तुझ्याकडे दिली, ती म्हणते माझ्याकडे नाही. शेवटी ती त्याच्याच सामानात निघते. त्याच प्रसंगात खिडकीबाहेरून शेजारीण जाते, थांबते, दोन शब्द बोलते, मुलं किती चांगली निघाली म्हणते. शेवटच्या प्रसंगात तीच खिडकी आहे, तीच शेजारीण आहे, तसंच थांबून बोलणं आहे. आत म्हातारा आहे, हातातल्या पंख्यानं वारा घेतोय. त्याच्या शेजारची जागा रिकामी आहे. कॅमेरा काहीही सांगत नाही. पुढे सरकत नाही, म्हाताऱ्याच्या डोळ्यांत शिरत नाही. सुरुवातीला जिथे ठेवला होता तिथेच आहे, जमिनीपासून दीड-दोन हातांवर. पाटावर जेवायला बसलेल्या माणसाची नजर जेवढ्या उंचीवर असते ना, साधारण तेवढ्या उंचीवर. ओझूंच्या घरात आपण उभ्यानं डोकावत नाही, आत येऊन बसतो.

‘ऊन पाऊस’मध्ये आपल्याला मुलांचा राग येतो. ‘टोकियो स्टोरी’मध्ये तो येत नाही. तो का येत नाही, हा प्रश्न पडला की समजावं, आपण सिनेमा पाहायला लागलो. परांजपे आपल्याला आईबापांच्या बाजूला उभं करतात. ओझू खोलीतल्या सगळ्यांत बसवतात. आपणही टोकियोतल्या त्या डॉक्टरसारखेच असतो, रुग्णाचं बोलावणं आलं की सहल रद्द करणारे. आधी ‘ऊन पाऊस’ पाहिलेला असला, तर ही जाणीव कैक पट खोल जाते. एकट्या ‘टोकियो स्टोरी’ला ‘संथ आहे’ म्हणणारे मला पुष्कळ भेटले. दोन्ही लागोपाठ पाहिल्यावर तसं म्हणणारा अजून भेटलेला नाही.

या वाटेवर तिसराही मुक्काम आहे, खरं तर तोच सर्वांत आधीचा. लिओ मॅकेरी यांचा १९३७ चा अमेरिकन चित्रपट ‘मेक वे फॉर टुमॉरो’. बँकेनं घर घेतल्यावर आई एका मुलाकडे, बाप दुसरीकडे. ओझूंचे सहलेखक कोगो नोदा यांनी तो पाहिलेला होता, त्याची आठवण ‘टोकियो स्टोरी’च्या मुळाशी आहे. मॅकेरींना त्याच वर्षी ऑस्कर मिळालं ते दुसऱ्याच, एका विनोदी चित्रपटासाठी. तेव्हा ते म्हणाले, तुम्ही चुकीच्या सिनेमाला बक्षीस दिलंत. सरांच्या वहीत या पानावर तीन नावं आहेत आणि समासात एकच शब्द लिहिलेला आहे, ‘आई’. त्याबद्दल मी अधिक बोलत नाही.

एक जोडी नुसती सांगून पुढे जातो. शांताराम यांचा १९३७ चा ‘कुंकू’ पाहा, ऐका म्हणतो मी. त्यात पार्श्वसंगीत नाही. घरातले, रस्त्यातले, ग्रामोफोनचे असे जे आवाज गोष्टीत आहेत तेवढेच. त्या म्हाताऱ्या नवऱ्याच्या भिंतीवरच्या घड्याळाचे टोले ऐका. आणि मग फ्रिट्झ लांगचा जर्मन ‘एम’, १९३१ चा. तिथेही पार्श्वसंगीत नाही, फक्त खुन्याची शीळ. बोलपट नुकता जन्माला आला होता आणि ही मंडळी आवाज कुठे ठेवायचा नाही, याचा विचार करत होती.

आता अशी एक वाट, जिची पहिली पायरीच गायब आहे. १९५२ च्या जानेवारीत मुंबईत भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव झाला. तिथे ‘बायसिकल थीव्ह्ज’ दाखवला गेला. बिमल रॉय तो पाहून झपाटले आणि पुढच्याच वर्षी ‘दो बिघा जमीन’ आला. हा क्रम सगळ्यांना माहीत आहे आणि बरोबरही आहे. ‘बायसिकल थीव्ह्ज’मध्ये घरातल्या चादरी गहाण टाकून सायकल सोडवतात. गहाणवटीच्या दुकानातला माणूस ते गाठोडं घेऊन मांडणीवर चढत जातो, कॅमेरा त्याच्या मागोमाग वर सरकतो आणि छतापर्यंत गाठोडीच गाठोडी दिसतात. एका शहरातल्या किती घरांतली अंथरुणं! मग ‘दो बिघा जमीन’चा शेवट पाहा. जमीन गेलेला शंभू कुंपणाबाहेरून स्वतःच्याच शेतातली मूठभर माती उचलतो आणि रखवालदार ती टाकायला लावतो. बलराज साहनींची ती मूठ पाहा.

पण १९२५ साली कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी ‘सावकारी पाश’ केला होता. कथा नारायण हरी आपट्यांची, पुढे ‘कुंकू’ही त्यांच्याच कादंबरीवर निघाला. सावकाराच्या कागदामुळे जमीन गमावलेला शेतकरी शहरात येऊन गिरणी कामगार होतो. त्या शेतकऱ्याच्या भूमिकेत तरुण शांताराम होते. इटलीत सायकल चोरीला जाण्याच्या तेवीस वर्षं आधी! मग सरांच्या वहीत तो पहिला का नाही? कारण तो आज कुणालाच पाहता येत नाही. पेंटरांनी पुढे त्याचा बोलपट केला, पण तो मूकपट गेला तो गेला. जे. बी. एच. वाडियांनी लिहून ठेवलेली एक आठवण तेवढी उरली आहे: अंधुक उजेडातली एक भकास झोपडी आणि रडणारा कुत्रा. एका सबंध चित्रपटातलं एवढंच आपल्या हाती आहे.

भारतात सुमारे १३०० मूकपट तयार झाले, त्यांतले तीससुद्धा धड उरलेले नाहीत. आपला पहिला बोलपट ‘आलम आरा’, १४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागलेला, त्याचीही प्रत नाही. जुनी नायट्रेटची फिल्म भडका घ्यायची आणि तिच्यातली चांदी काढायला लोक ती विकायचेही. २००३ मध्ये पुण्यात आग लागली तेव्हा होती नव्हती त्यांतलीही कितीतरी रिळं गेली. पी. के. नायर यांच्यासारखा माणूस राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात नसता, फाळक्यांच्या घरून, कुठल्या कुठल्या गोदामांतून त्यांनी रिळं गोळा केली नसती, तर आज मी उदाहरणं कशाची देणार होतो? ‘अपू’ त्रयीच्या मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या आगीत होरपळल्या. इटलीतल्या बोलोन्याच्या तंत्रज्ञांनी त्या ठिसूळ झालेल्या पट्ट्या हातांनी मऊ करून, जोडून घेतल्या, तेव्हा कुठे २०१५ मध्ये ‘पथेर पांचाली’ पुन्हा नवा झाला. म्हणून माझं म्हणणं असं की, आपल्या पुस्तकात एक कोरं पान ‘सावकारी पाश’साठी ठेवावं. वर नाव, खाली बाण, बाणाखाली ‘बायसिकल थीव्ह्ज’. मधली जागा मोकळी. वाचणाऱ्याला कळू दे, इथे आपलं काहीतरी होतं.

एक आक्षेप मला नेहमी ऐकावा लागतो आणि तो प्रामाणिक आहे. लोक म्हणतात, वेळ कुणाला आहे? शंभर सिनेमे पाहायचे म्हणजे दोनशे तास! त्यावर माझं उत्तर एवढंच आहे की शंभर पाहू नका, बारा पाहा. पण प्रत्येक दोनदा पाहा. दादासाहेब फाळके गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहायला गेले. एकदा पाहून त्यांचं समाधान झालं नाही, तो त्यांनी पुन्हा पाहिला. पत्नी सरस्वतीबाईंनाही नेऊन दाखवला. पहिल्या वेळी त्यांच्यासमोर ख्रिस्त होता आणि मनात राम आणि कृष्ण. दुसऱ्या वेळी, हे दिवस आपल्याकडे का येऊ नयेत, हा विचार आला. भारतीय सिनेमा कुणी सुरू केला असं विचारलं, तर फाळक्यांनी, हे खरंच. पण एक सिनेमा दुसऱ्यांदा पाहणाऱ्या प्रेक्षकानं तो सुरू केला, हेही तितकंच खरं आहे.

आणि शक्यतो एकट्यानं पाहू नका. फोनवर, बसमध्ये, तुकड्यातुकड्यांनी पाहू नका. शेजाऱ्याला बोलवा, आईला शेजारी बसवा, दिवे घालवा. ‘सिटी लाइट्स’च्या शेवटी दृष्टी परत आलेली ती फुलवाली चॅप्लिनचा हात हातात घेते आणि त्या स्पर्शानं त्याला ओळखते, तेव्हा शेजारच्या माणसाचा श्वास थांबलेला तुम्हाला ऐकू यायला हवा. हे कुठल्याही पुस्तकात छापून देता येणार नाही. पण छापील पुस्तकात ‘हा चार जणांबरोबर पाहा’ एवढं लिहिता येईल. सरांनी काही पानांवर ते लिहिलंय. एका पानावर लिहिलंय, ‘हा वडिलांबरोबर’. तो ‘बायसिकल थीव्ह्ज’ आहे. मी तो माझ्या वडिलांबरोबर पाहिला तेव्हा ते सत्तरीत होते. मुलाच्या देखत चोरी करताना पकडलेला तो बाप आणि गर्दीत त्याचा हात पकडणारा ब्रूनो. वडील त्या रात्री काही बोलले नाहीत. सकाळी चहा पिताना म्हणाले, ‘तो मुलगा चालतो किती नाही बापाबरोबर?’

आता कामाचं बोलतो. येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता याच सभागृहात ‘ऊन पाऊस’ आहे आणि दुपारी दोनला ‘टोकियो स्टोरी’, मराठी उपशीर्षकं आपल्याच कार्यकर्त्यांनी तयार केली आहेत. मध्ये जेवणाची सुट्टी आहे, भाजी-पोळीची सोय खालच्या मजल्यावर आहे. सरांच्या वेळचा तो जुना प्रोजेक्टर दर्शनी भागात ठेवलेला असेल, मुलांना घेऊन या. नियम तोच. जेवताना ‘ऊन पाऊस’बद्दल कुणी बोलायचं नाही. दुसरा सिनेमा संपला, दिवे लागले, की मग खुर्च्या गोल करू.